हिरवी छत्री

भीतीला वास असतो, हे कुत्र्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. माणसांना ते सिद्ध करायला अकरा वर्षं, तीन विद्यापीठं आणि डॉ. हेमांगी टिळेकर एवढं सगळं लागलं.

हेमांगी मूळची मिरजेची. पीएच.डी.साठी म्हणून उत्तर समुद्राकाठच्या ओस्टरहाफन नावाच्या बंदरात दोन बॅगा घेऊन आली आणि परत जायचं राहून गेलं. आता वय सत्तेचाळीस. लग्न एकदा करून पाहिलं होतं. त्याबद्दल तिची फारशी तक्रार नव्हती. वासाच्या शास्त्रात युरोपभर तिचा शब्द चाले. स्वतःच्या घरात मात्र आमटी करपल्याचं तिला शेजाऱ्याने दार वाजवल्यावर कळे, कारण सायनस.

तिचा शोध सांगायला सोपा आहे. माणसाच्या अंगाच्या वासाला दोन थर असतात. पहिला कायमचा. तो रक्तातल्या जनुकांवर आणि कातडीवर वस्तीला असलेल्या जंतूंवर ठरतो, ज्याचा त्याचा असतो, जुळ्या बहिणींचाही तंतोतंत जुळत नाही. दुसरा थर प्रसंगाचा. माणूस घाबरला की काही सेकंदांत घामात निराळीच रसायनं उतरतात, आणि ती मात्र सगळ्यांची सारखी. मंत्री घाबरला काय आणि कारकून घाबरला काय, वास एकच. हेमांगीने छताला चिकटवता येईल असं बशीएवढं यंत्र बनवलं. ते हवेतून हा दुसरा थर चार सेकंदांत ओळखायचं, बारीक लाल दिवा लावायचं आणि गस्तीच्या गाडीला कळवायचं.

यंत्र तयार झालं की ते बसवायला घाबरणारी माणसं शोधावी लागतात. नगरपालिकेने मीठगल्ली सुचवली.

मीठगल्लीत पूर्वी मिठाची गोदामं होती. आता रस्त्याकडे काचेची खिडकी असलेल्या बेचाळीस खोल्या होत्या आणि त्यात काम करणाऱ्या एक्केचाळीस बायका. काम कायदेशीर होतं. करारपत्र होतं, आजारपणाची रजा होती, निवृत्तिवेतन होतं. फक्त घर भाड्याने मागताना किंवा मुलाच्या शाळेच्या अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचं, याबद्दल कायद्याने मौन पाळलं होतं.

बायकांच्या संघटनेची अध्यक्ष ग्रीट. वय सदुसष्ट, गुडघा अधू, तीस वर्षं तीन नंबरच्या खोलीत काढलेली. बोलणं सगळं इंग्रजी आणि डच यांच्या मधल्या कुठल्याशा भाषेत चाले.

“आमच्याकडे यंत्र आहे, प्रोफेसर,” ग्रीट म्हणाली. हेमांगी प्रोफेसर नव्हती. ग्रीटला ते माहीत होतं. तिने मागच्या भिंतीवर बोटाने तीनदा टकटक केली. पलीकडून दोनदा उत्तर आलं. “तीन म्हणजे गिऱ्हाईक आलं. दोन म्हणजे शेजारणीला कळलं. वीस मिनिटांनी पुन्हा तीन, म्हणजे गेलं, मी बरी आहे. नाही वाजलं, तर शेजारीण चप्पल न घालता धावते. वीज लागत नाही.”

“आणि शेजारीण जागेवर नसली तर?”

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच तो कुणाला आवडला नाही. गेल्या फेब्रुवारीत आठ नंबरमधल्या दोरिनाने भिंतीवर तीनदा वाजवलं होतं. शेजारची इसोकेन त्या वेळी दाढ काढायला गेली होती. दोरिना दुसऱ्या दिवशी सापडली. तेव्हापासून आठ नंबर रिकामा होता, आणि नऊ नंबरमधली इसोकेन रिकाम्या खोलीच्या भिंतीशी काम करत होती. तिची खोली कोपऱ्यावरची, दुसरी भिंत रस्त्याकडची. तिकडून उत्तर द्यायला फक्त समुद्राचा वारा.

“बसवा,” इसोकेन म्हणाली. एवढंच.

सतरा नंबरमधली मिरेला मात्र कागद घेऊन बसली होती. रुमानियाची, पस्तिशीची, प्रत्येक करार बारीक अक्षरांपासून वाचायला सुरुवात करणारी. “नाव द्यावं लागेल?”

“नाही. नाव नको, पत्ता नको, फोटो नको.”

“शब्द?”

“शब्द,” हेमांगी म्हणाली, आणि तिने तो मनापासून दिला.

पहिल्या आठवड्यात यंत्राने एकशे बारा वेळा गस्त बोलावली. त्यांतल्या एकशे नऊ वेळा घाबरलेला माणूस गिऱ्हाईक होता. कुणाला बायकोची भीती, कुणाला हृदयाची, एका नगरसेवकाला निवडणुकीची. गस्तीवाले दार तोडून आत येत आणि पँट शोधणाऱ्या सद्गृहस्थाला पाणी पाजून परत जात. ग्रीटने यंत्राचं नाव ठेवलं ‘नाक’, कारण ते नको तिथे खुपसलं जात होतं.

उपाय हेमांगीनेच काढला. भीती कुणाची हे कळायला नाकाला बाईचा पहिला, कायमचा वासही ओळखता यायला हवा. मग प्रत्येकीचा वास नोंदवला गेला, खोलीच्या आकड्याने. मिरेला सतरा, इसोकेन नऊ. नमुना म्हणून कारखान्यात हेमांगीने आधीच स्वतःचा वास दिला होता, तो शून्य. आहार, आजार, वय यांनी वास हळूहळू बदलतो, म्हणून दर रविवारी सर्व्हर आठवडाभराच्या नोंदींवरून प्रत्येकीचा वास नव्याने शिकायचा. आता नोंदलेल्या बाईची भीती आली तरच गस्त निघे. गिऱ्हाइकांनी खुशाल घाबरावं.

नावं कुठेच नव्हती. हेमांगी ज्या मुलखातून आली होती तिथे माणूस म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तीन प्रतींत. ते वगळलं की माणूस सुखरूप नाहीसा होतो, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. अकरा वर्षं वासाचा अभ्यास करूनही.

नाकाने एप्रिलमध्ये इसोकेनचा जीव वाचवला, जूनमध्ये आणखी दोघींचा. गस्त तीन मिनिटांत आली. हेमांगीला पदक मिळालं.

यंत्र चांगलं असलं की ते एका गल्लीत राहत नाही. पुढच्या दोन वर्षांत नाकं शाळांत बसली, इस्पितळांत, ट्राममध्ये, न्यायालयात. बनवणाऱ्या कंपनीने ती सगळी एकाच सर्व्हरला जोडली, कारण सुरक्षितता. मग नगरपालिकेच्या समितीत कुणीतरी कळवळून म्हणालं, धोक्यात जगणाऱ्या नोंदीत व्यक्तींना आपण फक्त खोलीतच का जपतो? त्या जिथे जातील तिथे दारावर एक खूण उमटावी, म्हणजे तिथले कर्मचारी जरा जास्त मायेने वागतील. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खुणेसाठी तीन चित्रं होती: हात, ढाल, छत्री. हाताचे भलते अर्थ निघतात, असं हेमांगीच म्हणाली. ढाल फार लष्करी. हिरवी छत्री एकमताने मंजूर झाली आणि सगळ्यांनी केक खाल्ला.

“आकड्यांना नावं जोडलेली नाहीत ना?” तिने निघताना विचारलं.

“छे!” असं उत्तर मिळालं. आणि ते अगदी खरं होतं.

मिरेला शनिवारी सकाळी हेमांगीच्या दारात उभी राहिली. हातात केकचा रिकामा डबा.

“शाळेत पालकांचा दिवस होता,” ती बसायच्या आधीच म्हणाली. “दारात हिरवी छत्री पेटली. मुख्याध्यापिका धावत आल्या. मला हाताला धरून आत नेलं. मला, डॉक्टर! मी रोज चार मजले चढते. खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि माझ्याशी असं बोलल्या,” तिने आवाज चढवून एकेक शब्द सुटा केला, “‘तुम्ही. इथे. सुरक्षित. आहात.’”

हेमांगीला हसू येणार होतं. ते आलं नाही.

“मग एका आईने विचारलं, ही छत्री कसली? दुसरीने फोनवर शोधलं. शहरात एकूण छत्र्या एकोणसाठ. त्यांतल्या एक्केचाळीस कुठल्या, हे समितीच्या अहवालात छापलंय, अभिमानाने. त्यांचं गणित चांगलं आहे. शाळाच ती.”

“इलिंकाला कळलं?” इलिंका मिरेलाची मुलगी, नऊ वर्षांची.

“तिने विचारलं, आई, तुला काय झालंय? मी म्हटलं, दमा.” मिरेलाने डबा मांडीवर ठेवला. “तिच्या बापाने ताबा मागितलाय. सुनावणी एकोणीस दिवसांवर आहे. अर्जात मी लिहिलंय ‘सेवा क्षेत्र’. खोटं नाही. न्यायाधीशबाई भल्या असतीलही. पण त्यांच्या दारावर नाक आहे, आणि दार सगळ्यांच्या समोर आहे. त्याच्या वकिलाच्याही.”

“मी नाव घेतलं नव्हतं, मिरेला.”

“नाही घेतलंत. नाव सोडून बाकी सगळं घेतलंत.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती डबा घेऊन उठली, दाराशी थांबली आणि म्हणाली, “तुमची आमटी करपतेय.”

सोमवारी हेमांगी कंपनीच्या विदासंरक्षण अधिकाऱ्याकडे गेली. हा एक तुकतुकीत चेहऱ्याचा गृहस्थ होता, आणि त्याच्या टेबलावर ‘तुमचं खासगीपण, आमचा श्वास’ अशी पाटी होती.

“सतरा नंबर पुसायचा आहे,” ती म्हणाली.

“अवश्य. तो प्रत्येकाचा हक्कच आहे. अर्ज त्या व्यक्तीने स्वतः करायचा.”

“नावानिशी?”

“त्याशिवाय सतरा नंबर तीच, हे आम्हाला कसं कळणार? एकदा नाव आकड्याला जोडलं की सहा आठवड्यांत दोन्ही पुसतो.”

“आणि तोवर?”

“तोवर जोडलेलं राहतं,” तो म्हणाला. “पण अत्यंत गोपनीय.”

“हे यंत्र मी बनवलंय हो.”

“म्हणून तर एवढं नीट चालतं,” तो म्हणाला. त्याने उठून तिच्यासाठी दार उघडलं.

मिरजेला तेव्हा दुपार होती. आई फोनवर आली ती भाजी निवडतच. निवृत्त होईपर्यंत तिने बत्तीस वर्षं गुप्तरोगांच्या दवाखान्यात परिचारिकेची नोकरी केली होती, आणि तिला लाजवेल असा विषय अजून निघायचा होता.

हेमांगीने सगळं सांगितलं. आई मेथीच्या काड्या मोडत ऐकत राहिली.

“म्हणजे तू शांताला विसरलीस.”

“कोण शांता?”

“कोण शांता म्हणतीय बघा! अगं, शांता सातारकर. आमच्या दवाखान्यात वस्तीतल्या बायका यायच्या. आधी खरी नावं लिहून घ्यायचो. मग एका कारकुनानं यादी बाहेर दिली, आणि दोघींच्या पोरांना वसतिगृहातनं काढलं. त्या दिवसापासनं जी येईल ती नाव सांगणार शांता सातारकर. चाळीस वर्षांची पण शांता आणि वीस वर्षांची पण शांता. साहेब तपासणीला आले, म्हणाले, सिस्टर, ही शांता एका महिन्यात एकशेचाळीस वेळा कशी काय आजारी पडली? मी म्हटलं, साहेब, प्रकृतीच नाजूक आहे हो तिची.”

हेमांगी खूप दिवसांनी हसली.

“आणि औषधं कशी द्यायचात?”

“दुखतंय कुठं ते विचारायचं की. त्याला नाव कशाला लागतंय?” आईने मेथीची जुडी झटकली. “आमच्या त्या बायका तुझ्याएवढ्या शिकलेल्या नव्हत्या, हेमे. पण यादी केली की ती कुणीतरी वाचणार, एवढं त्यांना कळत होतं.”

संघटनेच्या खोलीत एक्केचाळीस बायका मावत नव्हत्या. निम्म्या जिन्यावर बसल्या. हेमांगीने शांताची गोष्ट सांगितली. ग्रीटला ती इतकी आवडली की दोनदा सांगावी लागली.

“पण वासाचं टोपणनाव कसं घेणार?” मिरेलाने विचारलं.

“प्रत्येकीच्या खोलीत आठवडाभर सगळ्यांचा वास आला पाहिजे. रविवारी सर्व्हर तो शिकेल. मग सतरा नंबर ही एकच बाई उरणार नाही. खिचडी होईल. आणि मिरेला आंघोळ करून आपल्या कपड्यांत न्यायालयात गेली की तिचा वास कशाशीच जुळणार नाही.”

“आमच्याकडे एक्केचाळीस गाऊन आहेत,” ग्रीट म्हणाली. “आणि धुवायचा मला पहिल्यापासून कंटाळा.”

हशा पिकला. हेमांगीने तो ओसरू दिला आणि मग सांगायचं ते सांगितलं. “एक तोटा आहे. नाकाला बाई आणि गिऱ्हाईक यांतला फरक कळेनासा होईल. पुन्हा पहिल्या आठवड्यासारखं. गस्त सारखी येईल, मग कंटाळेल, मग उशिरा येईल. मी खोटं सांगणार नाही.”

जिन्यावरून इसोकेन उठली. उंच, शांत, बोलायला सहसा नाखूश. “माझं कुणी शाळेत जात नाही,” ती म्हणाली. “माझ्या डोक्यावर छत्री पेटली तर पेटू दे. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये त्या माणसाचा हात माझ्या गळ्यावर होता. तीन मिनिटांत दार तुटलं. तुमच्या सगळ्यांना शेजारीण आहे. मला आठ नंबर आहे.”

  हेमांगीने चष्मा पुसला.

हात वर करून मतं घेतली. एकोणतीस होकार, अकरा नकार. इसोकेनने हात कुठल्याच बाजूला वर केला नाही. ती खोलीत गेली, गाऊन घेऊन आली आणि तो मिरेलाच्या अंगावर टाकला. “घे. बाही फाटलीय. शिवून दे.”

त्या आठवड्यात मीठगल्लीत कुणाच्या अंगावर स्वतःचं काही नव्हतं. गाऊन दर चार तासांनी पुढच्या खोलीत सरकत. उशा फिरल्या, टॉवेल फिरले, चादरी फिरल्या. तेहतीस नंबरमधल्या ठेंगणीच्या अंगात इसोकेनचा गाऊन लग्नातल्या पायघोळ झग्यासारखा लोळे. लसूण खाण्यावरून दोन भांडणं झाली. “माझ्या आयुष्यात एवढी जवळीक मला कुणी दाखवली नाही,” ग्रीट म्हणाली, “आणि ती घामाने यावी!” हेमांगी रोज संध्याकाळी येऊन नोंदी बघत होती. आकडे एकमेकांत मिसळत होते. रविवारी ते ओळखू येईनासे झाले. सोमवारी सकाळी मिरेला सार्वजनिक वाचनालयाच्या दारातून तीनदा आत गेली आणि तीनदा बाहेर आली. दार नुसतं दार राहिलं. तिसऱ्या वेळी ती पायरीवर बसून रडली, आणि ग्रंथपालाने तिच्याकडे अजिबात लक्ष दिलं नाही.

त्याच दिवसापासून गस्त फारशी आली नाही. हेमांगी सायनस घेऊन गुरुवारपर्यंत घरीच पडून होती; तिला वाटलं, लोक आठवड्याच्या सुरुवातीला कमी घाबरत असावेत.

गुरुवारी न्यायालयात मिरेला पुढे होती, राखाडी कोटात, इलिंकाचा हात धरून. बाप आणि त्याचा वकील दाराच्या आत उभे होते. मिरेला उंबऱ्यावर आली. हेमांगीने श्वास रोखला. मिरेला आत गेली. काहीही झालं नाही. न झालेली इतकी सुंदर गोष्ट हेमांगीने आयुष्यात पाहिली नव्हती.

मग तिने स्वतः पाऊल टाकलं आणि तिच्या डोक्यावर, दाराच्या चौकटीत, हिरवी छत्री पेटली.

पहिलं तिच्या डोक्यात आलं ते शास्त्र. एक्केचाळीस वासांची खिचडी झालेली पाहून सर्व्हरने बिघडलेल्या नाकांसाठी ठेवलेला उपाय केला होता: कारखान्यातला मूळ नमुना परत लावला होता. शून्य. ती. आता मीठगल्लीच्या एक्केचाळीस नोंदींत एकच बाई होती, आणि ती मिरजेची होती.

मग वकिलाची नजर आली. आधी छत्रीवर, मग तिच्यावर, मग चपलांपासून वर. मग एक कनवाळू कारकूनबाई लगबगीने आली, तिने हेमांगीचा कोपर धरला, तिला खुर्चीत बसवलं, आणि कागदी पेल्यात पाणी दिलं.

“तुम्ही. इथे. सुरक्षित. आहात,” ती म्हणाली.

हेमांगीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. मी डॉक्टर टिळेकर, हे यंत्र माझं आहे, मी त्यांच्यातली नाही. वाक्य व्याकरणशुद्ध होतं आणि त्यातला एकेक शब्द खरा होता. ते म्हटलं की तासाभरात कंपनी चूक दुरुस्त करणार, जुन्या नोंदी परत लावणार, आणि आतल्या दालनाच्या दारावरही नाक होतं. मिरेलाने वळून पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“आभारी आहे,” हेमांगी म्हणाली आणि पाणी प्याली.

“अभ्यागतांच्या वहीत नाव लिहू ना? नको असेल तर राहू दे हो, तुमच्यासारख्यांना आम्ही सक्ती करत नाही.”

“लिहा की. शांता सातारकर.”

कारकूनबाईंनी ते सावकाश, कळवळून लिहिलं.

दालनात जायला मिरेलाला पाऊण तास लागला आणि यायला वीस मिनिटं. इलिंका आईकडेच राहणार होती. पुन्हा पाहणी एका वर्षाने. बापाने दोघींकडे न पाहता टाय सैल केला. मिरेला हेमांगीच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली आणि तिचे दोन्ही हात धरून राहिली. “या कोण?” इलिंकाने विचारलं. “यांनाही दमा आहे का?”

“हो,” हेमांगी म्हणाली. “नवा आहे.”

आणि मग तिला उरलेलं शास्त्र सुचलं. पेला हातातच राहिला. नाकांना आता फक्त शून्य नंबर ठाऊक होता. बाकी सगळ्या अनोळखी, म्हणजे गिऱ्हाइकं. आणि गिऱ्हाइकांनी खुशाल घाबरावं, असं तिनेच त्यांना शिकवलं होतं. मीठगल्लीतल्या बेचाळीस खोल्यांत फक्त एका बाईची भीती ऐकली जात होती, आणि ती बाई तिथे राहत नव्हती. गस्त कमी झाली होती ती म्हणून.

तिने ग्रीटला फोन लावला.

“न्यायालयाचं आधी सांग,” ग्रीट म्हणाली.

“मिळाली. इलिंका तिच्याकडेच आहे. ग्रीट, ऐक, नाकं बहिरी झालीत. सगळ्यांना सांग, आत्ताच्या आत्ता...”

“कळलंय आम्हाला,” ग्रीट म्हणाली. “परवा. इसोकेन. मनगट मोडलं आणि दोन फासळ्या. ती भिंत वाजवत होती, आठ नंबरची. मी जिन्यावरून चहा घेऊन जात होते म्हणून ऐकलं. आज मिरेलाचा दिवस होता, म्हणून कुणी बोलायचं नाही असं ठरलं. इसोकेननेच ठरवलं.”

संघटनेने रीतसर मागणी केली: मीठगल्लीतली नाकं सर्व्हरपासून तोडा, वास खोलीबाहेर जाता कामा नये, आणि गस्त बोलावण्याचा हक्क बायकांच्या हातात द्या. हेमांगीने त्याला चाळीस पानांचं शास्त्रीय परिशिष्ट जोडलं आणि पदक परत पाठवलं. नगरपालिकेच्या समितीने पोच दिली. विषय अत्यंत महत्त्वाचा असल्यामुळे तो पुढच्या वर्षी घेण्यात येणार होता.

तोवर चूक दुरुस्त करायची तर छत्र्या परत उघडणार. न करायची तर नाकं बहिरी. हेमांगीने बिनपगारी रजा टाकली. पावाच्या दुकानात, ट्राममध्ये, दंतवैद्याकडे तिच्या डोक्यावर हिरवी छत्री पेटत राहिली आणि लोक तिच्याशी मोठ्याने, हळू बोलत राहिले. शेजारी आता आमटी करपली तरी दार वाजवत नसे.

सप्टेंबरात इसोकेन कामावर परतली. प्लास्टर निघालं होतं. त्या दिवशी दुपारी दोन वाजता हेमांगी आठ नंबरमध्ये गेली, पडदा ओढला, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि दोरिनाच्या पलंगावर बसली. छताला नाक होतं. शहरात त्या एकाच नाकाखाली असं माणूस बसलं होतं, ज्याची भीती नाकाला कळली असती आणि गस्त निघाली असती.

भिंतीपलीकडून आवाज आला. “कोण आहे?”

“मी.”



“तुम्हाला भीती वाटते का, डॉक्टर?” इसोकेनने विचारलं.

“फार.”

“बरं झालं,” इसोकेन म्हणाली. “मग चालेल.”

दोन वाजून चाळीस मिनिटांनी तीनदा टकटक झाली. हेमांगीने दोनदा उत्तर दिलं. बोटाचं हाड दुखलं. भिंत जाड होती. तिने घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं. दहा. पंधरा. पलीकडे पुरुषाचा आवाज, मग रेडिओ, मग रेडिओ मोठा. एकोणीस. वीस.

एकवीस.

रेडिओ बंद झाला. टकटक झाली नाही.

हेमांगी उठली. चप्पल तिने मघाशीच काढून ठेवली होती. ती दाराकडे धावली, आणि तिच्या डोक्यावर नाकाचा बारीक दिवा लाल झाला. चार सेकंद. शास्त्र अचूक होतं.